चार्ली फेदर्सची कैफियत

मोठ्या कीर्तीच्या माणसाच्या शेजारी ज्याने आपले उमेदीचे दिवस काढले, त्याचे उरलेले आयुष्य बहुधा त्या शेजाराची हकीकत सांगण्यातच जाते. अमेरिकेतील मेम्फिस शहरी चार्ली फेदर्स या गायकाचे असेच झाले. एल्व्हिस प्रेस्लीचे नाव ठाऊक नाही असा गाण्याचा शौकीन विरळा. फेदर्सचे नाव ठाऊक असणारा मात्र शोधावा लागतो. उतारवयात त्याच्या घरी जे कोणी जिज्ञासू जात, त्यांना तो एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हांनी सांगे : प्रेस्लीच्या आरंभीच्या गाण्यांची बांधणी करून देणारा मी, रॉकबिली नावाचे जे गाणे पुढे जगभर गेले, त्याची वाट पाडली ती मी. ही कैफियत काहींनी भाबडेपणाने जशीच्या तशी उतरून घेतली, काहींनी हसण्यावारी नेली. त्या नादात दोघांकडूनही एक गोष्ट राहून गेली. ती म्हणजे त्याचे गाणे स्वतंत्रपणे ऐकणे. म्हणून प्रस्तुत लेखात कैफियतीचा निवाडा थोडक्यात आटोपून गाण्याकडे वळावयाचे आहे.

प्रथम रॉकबिली म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. 'रॉक अँड रोल'मधला 'रॉक' आणि दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातल्या गोऱ्या खेडुतांना नागर लोक ज्या तुच्छतेच्या नावाने संबोधीत त्या 'हिलबिली'चे शेपूट, असा हा जोडशब्द आहे. नावाप्रमाणेच गाणेही जोडलेले. १९५४ सालच्या जुलै महिन्यात मेम्फिसमधील ७०६, युनियन ॲव्हेन्यू या पत्त्यावरच्या एका लहानशा खोलीत सॅम फिलिप्स या गृहस्थाने प्रेस्लीची पहिली तबकडी मुद्रित केली. तिच्या एका बाजूस आर्थर क्रूडप या काळ्या गायकाचे ब्लूज होते, तर दुसऱ्या बाजूस ब्लूग्रास संगीताचा जनक बिल मन्रो याचे मुळात संथ लयीचे गीत. वादक दोनच, स्कॉटी मूर गिटारवर आणि बिल ब्लॅक मोठ्या खर्जाच्या बासवर. ड्रम नव्हता, बासच्या तारा ओढून पट्टीवर आपटल्या की जो टपटप आवाज होई, तोच ठेका. त्यात फिलिप्सने टेप-यंत्रांच्या योजनेने आवाजाची एक पडछाया निर्माण केली होती. गायकाचा शब्द निमिषभरात त्याच्याच पाठीवर थाप मारून परत येतो असा भास तीमुळे होई. साहित्य म्हणाल तर इतकेच. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत गळ्याला लपावयास जागा राहत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाकरिता ध्यानात ठेवावी.

फेदर्सचा जन्म १२ जून १९३२ चा. मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावाच्या आसपासचा. शेतकऱ्यांचा मुलूख. शाळा त्याला फारशी लाभली नाही. आसपास कापसाची शेते, त्यांत राबणाऱ्या काळ्या मजुरांचे गाणे, आणि रेडिओवर येणारे मन्रोचे ब्लूग्रास, हीच त्याची शिकवणी. तरुणपणी त्याने तेलाच्या नळवाहिन्या घालण्याच्या कामावर मजुरी केली, नंतर मेम्फिसला येऊन खोक्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. मध्यंतरी एका दुखण्याने त्याला रुग्णालयात बराच काळ पडून राहावे लागले. तेथे रेडिओ ऐकता ऐकता आपण गायकच व्हावयाचे असे त्याने ठरविले, अशी हकीकत आहे.

त्या ठरावाप्रमाणे तो फिलिप्सच्या खोलीकडे वळला, आणि येथूनच वादाला आरंभ होतो. निश्चित म्हणता येते ते एवढे. १९५५ साली फिलिप्सने 'फ्लिप' या आपल्या दुय्यम नाममुद्रेखाली फेदर्सची पहिली तबकडी काढली. 'डीफ्रॉस्ट युअर हार्ट' हे गाणे असलेली दुसरी खुद्द 'सन'च्या नावाने निघाली. याच सुमारास स्टॅन केस्लर या वादकासह गीतकार म्हणून त्याचे नाव एका गाण्यावर लागले. 'आय फरगॉट टु रिमेंबर टु फरगेट' हे ते गाणे; 'विसरायचे लक्षात ठेवायलाच मी विसरलो' अशी त्याच्या नावातली कोटी. प्रेस्लीने ते १९५५ च्या जुलैत मुद्रित केले आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी ते अमेरिकेतील कंट्री-गीतांच्या यादीत पहिल्या जागी जाऊन बसले. पुढे १९६४ साली इंग्लंडात बीटल्स मंडळींनीही ते बी. बी. सी. वर गाइले. फेदर्सच्या नावाशी जोडलेली ही सर्वांत मोठी यशाची गोष्ट, आणि तिच्यात त्याचा स्वतःचा आवाज कोठेच नाही! गाण्याची मूळ कल्पना केस्लरची होती आणि नमुन्याची टेप गाऊन दिल्याबद्दल फेदर्सला श्रेयाचा अर्धा वाटा मिळाला, असेही सांगण्यात येते. ते खरे मानले तर या यशातला त्याचा खरा वाटा पुन्हा आवाजाचाच ठरतो. म्हणजे जो कोणालाच ऐकू आला नाही तोच.

यात आणखी एक गंमत आहे. रॉकबिलीत ड्रम शिरला आणि ते गाणे बिघडले, असे फेदर्सचे आग्रहाचे मत होते. ब्लूग्रास आणि कापसाच्या शेतातले ब्लूज यांच्या मिलाफातून ते निपजले, त्यात ड्रमला जागाच नाही, असे तो म्हणे. पण त्याचे नाव ज्या गाण्याने घरोघर गेले, त्या प्रेस्लीच्या मुद्रणात जॉनी बर्नेरो नावाचा मनुष्य ड्रम वाजवीत बसला आहे.

आता कैफियतीचा निवाडा. प्रेस्लीची गाणी आपण बसवून दिली, या म्हणण्यास त्या खोलीत वावरणाऱ्या इतरांच्या आठवणींत आधार सापडत नाही. फेदर्स तेथे येत-जात असे, नमुन्याच्या टेपा गात असे, कानात शिरेल ते सांगतही असेल. परंतु तेवढ्याने जनकत्व सिद्ध होत नाही. पुरावा मागणाराने फेदर्सच्या विरुद्ध निकाल द्यावा हेच योग्य. तथापि पीटर गुरालनिकसारख्या जाणत्या लेखकानेही १९७९ सालच्या आपल्या 'लॉस्ट हायवे' या ग्रंथात या माणसाला जागा द्यावी, यात काही अर्थ आहे. फेदर्स इतिहासाच्या तारखा सांगत होता असे समजून त्याच्याकडे पाहिले, तर तो बढाईखोर दिसतो. पण हे गाणे कसे असावे याविषयी त्याच्यापाशी एक पक्की, जवळजवळ कर्मठ म्हणावी अशी कल्पना होती, आणि ती बोलून दाखविण्यास भूतकाळाखेरीज दुसरी भाषा त्याला येत नव्हती. 'गाणे असे असावे' असे न म्हणता 'मी ते असे केले होते' असे तो म्हणे. टीकाकाराने यातला पहिला अर्थ ध्यानी घ्यावा आणि दुसरा इतिहासकारांवर सोपवावा.

'डीफ्रॉस्ट युअर हार्ट' हे त्याचे गाणे प्रथम ऐकावे. रॉकबिलीशी याचा संबंध नाही. क्विंटन क्लॉन्च आणि बिल कँट्रेल या जोडीच्या साथीने गाइलेले ते शुद्ध कंट्री गीत आहे. मागे व्हायोलिन आणि स्टील गिटार रडत असतात. नावावरूनच कळेल की कल्पना हास्यास्पद होण्याच्या काठावर आहे : थंडीने गोठलेले हृदय वितळव, असे प्रेयसीला विनविणे. बर्फाच्या कपाटाचा शब्द प्रेमगीतात आणणारा कवी आपल्याकडे टोपीसह परत पाठविला गेला असता. परंतु फेदर्स हा शब्द इतक्या सरळपणाने, इतक्या दुखऱ्या स्वराने उच्चारतो की ऐकणाराला हसू येत नाही. ओळीच्या शेवटी तो स्वर सोडून देत नाही, किंचित वाकवितो. आणि वाकविताना छातीचा आवाज फुटून वरच्या पोकळ आवाजात जातो. ही फूट जिमी रॉजर्सपासून हँक विल्यम्सपर्यंत कंट्री गायकांच्या परंपरेत चालत आलेली. फेदर्सने तिला आणखी बारीक केले. तिच्या आधी तो एक श्वास गिळतो, आणि तो गिळलेला श्वास आपल्याला ऐकू येतो. फेदर्सने कंट्रीचीच वाट धरली असती तर जॉर्ज जोन्सच्या तोडीचा गायक झाला असता, असे सॅम फिलिप्सचे मत होते. जोन्स हा त्या क्षेत्रातला शिरोमणी. तेव्हा हे प्रशस्तिपत्र लहान नव्हे. पण हे ऐकून फेदर्सला आनंद झाला असेल असे वाटत नाही. त्याला ज्या गोष्टीचे जनकत्व हवे होते, ती ही नव्हती.

१९५६ साली त्याने फिलिप्सला सोडले. 'टंग-टाइड जिल' नावाचे, जीभ अडखळणाऱ्या मुलीवरचे एक गाणे त्याच्यापाशी होते. तोतऱ्या माणसाची थट्टा फिलिप्सला रुचली नाही म्हणून त्याने ते नाकारले, असे सांगतात. फेदर्स ते घेऊन त्याच शहरातल्या लेस्टर बिहारीच्या 'मीटिअर' कंपनीकडे गेला. गाण्याचा विषय पोरकट आहे यात शंका नाही. पण त्या पोरकट निमित्ताने फेदर्सला जे हवे होते ते मिळाले : शब्द मोडण्याचा परवाना. मुलगी तोतरी, म्हणून गायकाने अडखळावे. आणि एकदा अडखळू लागला की तो शब्दाच्या आतच ठेका धरतो. एका अक्षराची तीन अक्षरे होतात, व्यंजन गिळले जाते, स्वर उचकी लागल्यासारखा उडतो. अर्थ मागे पडतो आणि गळा स्वतःच तालवाद्य बनतो. ड्रमविषयीचे त्याचे वैर येथे उलगडते. ज्याच्या जिभेवरच ठेका आहे, त्याला मागून कोणी टिपरीने ठोकत बसले तर ती अडचणच वाटावयाची.

त्याच वर्षी सिनसिनाटीच्या 'किंग' कंपनीने त्याला घेतले. गिटारवर जेरी हफमन, बासवर जोडी चेस्टेन. तेथली 'वन हँड लूज', 'बॉटल टु द बेबी', 'कान्ट हार्डली स्टँड इट' ही मुद्रणे म्हणजे त्याच्या कीर्तीचा खरा आधार. पहिले उसळणारे आहे, आणि बहुतेक शौकीन त्यालाच अग्रपूजेचा मान देतात. माझे मत तिसऱ्याकडे झुकते. 'कान्ट हार्डली स्टँड इट' हे गाणे मुळी धावतच नाही. गिटारची एक काळोखी लकेर पुनःपुन्हा येते, आवाजाची पडछाया मागे घुमते, आणि फेदर्स विरहाने कण्हत, मध्येच उचकी देत, मध्येच जवळजवळ कुजबुजत पुढे सरकतो. जी उचकी 'टंग-टाइड जिल'मध्ये विनोदाची होती, तीच येथे हुंदक्याची झाली आहे; युक्ती तीच, भाव दुसरा. अलंकार बाहेरून चिकटविलेला आहे की आतून उमललेला आहे, याची परीक्षा अशाच ठिकाणी होते. रॉकबिलीच्या लाटेत उचकी देणारे गायक पुष्कळ निघाले. त्यांची उचकी सर्व गाण्यांत सारखीच ऐकू येते.

यांपैकी एकही तबकडी देशभरच्या यादीत चढली नाही. याची कारणे लोक निरनिराळी देतात. त्याचा हट्टी स्वभाव, लहान कंपन्यांचे अपुरे भांडवल, प्रेस्लीची सर्वग्रासी छाया ही सर्व खरी आहेत. परंतु एक कारण त्याच्या कलेतच आहे असे मला वाटते. फेदर्सला एक गाणे दोनदा सारखे गाता येत नसे, किंवा गावयाचे नसे. 'बॉटल टु द बेबी'ची 'सन'च्या खोलीतली टेप आणि 'किंग'ची तबकडी शेजारी ठेवून ऐका. शब्द थोडेफार तेच, पण गाण्याची चाल-ढाल निराळी. पुढील चाळीस वर्षे तो आपली तीच तीच गाणी पुनःपुन्हा मुद्रित करीत राहिला, आणि प्रत्येक वेळी ती मोडून. आपल्याकडील बैठकीत गवय्याने एकच चीज दोन रात्री दोन तऱ्हांनी मांडली तर रसिक मान डोलावतो. तबकडीचा धंदा याच्या उलट तत्त्वावर चालतो. तेथे एक ठराविक रूप लाखो घरांत पोचवावयाचे असते, रेडिओवर ते ओळखू यावयास हवे, आणि जलशात गायकाने ते हुबेहूब पुन्हा काढून दाखवावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. प्रेस्लीला हे साधले. किंबहुना त्याची आरंभीची मुद्रणे इतकी पूर्ण आहेत की त्यांत फिरवावयास काही उरलेच नाही. फेदर्सची उत्कृष्ट मुद्रणेही पूर्ण वाटत नाहीत. पुढच्या वेळी हे निराळे होईल, अशी हुरहुर ती मागे ठेवतात. रसिकाला ती हुरहुर हवीशी वाटते, दुकानदाराला नाही.

१९५८ नंतरची हकीकत लांबविण्यात अर्थ नाही. लहान लहान कंपन्यांसाठी त्याने तबकड्या केल्या. त्यांतली एक तर 'हॉलिडे इन' या हॉटेलवाल्या कंपनीच्या नाममुद्रेखाली निघाली. एकीनेही त्याचे नशीब पालटले नाही. मेम्फिस व आसपासच्या गुत्त्यांतून तो गात राहिला.

मग समुद्रापलीकडून बोलावणे आले. १९७० नंतरच्या दशकात युरोपातील तरुणांना या विसरलेल्या गाण्याचे वेड लागले. कॅलिफोर्नियात रॉनी वायझर या इटलीत जन्मलेल्या चाहत्याने 'रोलिन रॉक' नावाची कंपनी काढून जुन्या गायकांना पुन्हा उभे केले, त्यांत फेदर्सही होता. १९७७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात वॉरेन स्मिथ, बडी नॉक्स आणि जॅक स्कॉट यांच्यासह तो गाइला. ज्याला स्वदेशात गुत्त्यापलीकडे कोणी विचारीत नव्हते, त्याच्यापुढे टाळ्यांचा कडकडाट झाला! परंतु येथे एक अप्रिय गोष्ट बोलावी लागते. चाहत्यांना त्याच्यातली उचकी हवी होती आणि फेदर्सने ती त्यांना भरपूर दिली. या काळातली त्याची जलद गाणी ऐकताना अनेकदा असे वाटते की गायक स्वतःचीच नक्कल करीत आहे. प्रत्येक ओळीत चमत्कृती, आणि म्हणून कोठेच चमत्कार नाही. 'दॅट सर्टन फीमेल'सारखे एखादे गाणे अपवाद. त्यात जुना कैफ आणि नवा खडबडीत आवाज यांचा मेळ बसला आहे. दुर्लक्षाने फेदर्सचे नुकसान केले हे सर्वच सांगतात. पुजाऱ्यांनीही थोडे केले, हे कोणी सांगत नाही.

१९९१ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्याला प्रथमच एका बड्या कंपनीचा भरघोस आधार मिळाला. 'इलेक्ट्रा नॉनसच'च्या 'अमेरिकन एक्स्प्लोरर' मालेत बेन व्हॉन याच्या देखरेखीखाली त्याचा संग्रह मेम्फिसमध्ये मुद्रित झाला. रोलंड जेन्स, जे. एम. व्हॅन ईटन आणि ज्याच्याबरोबर गीतकार म्हणून त्याचे नाव लागले होते तो स्टॅन केस्लर हे जुने 'सन'चे सोबती साथीला होते. आवाज थकलेला, श्वास तोकडा. पण तोकड्या श्वासामुळेच त्याला चमत्कृती सोडाव्या लागल्या, आणि संथ गाण्यांत 'डीफ्रॉस्ट युअर हार्ट'मधला तो साधा दुखरा गायक पुन्हा भेटतो. नवख्या श्रोत्याला हा संग्रह मी प्रथम सुचविणार नाही. त्याने आधी १९५५-५६ ऐकावे. पण ते ऐकून झाल्यावर हा ऐकल्यावाचून राहू नये. पुढे क्वेंटिन टॅरँटिनोने २००३ व २००४ साली 'किल बिल' या चित्रपटाच्या दोन भागांत 'दॅट सर्टन फीमेल' आणि 'कान्ट हार्डली स्टँड इट' वापरली आणि गायकाचे नाव न जाणणाऱ्या असंख्य लोकांच्या कानांवर तो आवाज पडला. तोवर त्याला जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती.

कैफियतीत एक कलम राहिले, आणि ते फेदर्सने स्वतःविरुद्ध लिहिले आहे. हॉली स्प्रिंग्जच्याच मुलखात ज्युनिअर किंब्रो नावाचा काळा ब्लूज-गायक राहत होता. वयाने त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. फेदर्स तरुणपणी त्याच्या संगतीत गिटार शिकला. सर्व संगीताचा आरंभ आणि शेवट म्हणजे किंब्रो, असे उद्गार फेदर्सने त्याच्याविषयी काढले होते. रॉकबिलीचा पहिला मानकरी कोण, या वादात आजवर जी नावे पुढे आली ती बहुतेक गोऱ्या तरुणांची. एका खोलीतल्या चार-पाच मुलांपैकी कोणी आधी केले, एवढ्यावरच पंचायत बसते. प्रेस्लीपुढे आपले पहिलेपण सांगताना जो मनुष्य तसूभरही मागे सरत नसे, तो किंब्रोचे नाव निघताच आरंभच नव्हे तर शेवटही त्याला देऊन मोकळा होतो. त्याच्या कैफियतीला निव्वळ बढाई म्हणणाऱ्यांनी या विसंगतीचे उत्तर द्यावयास हवे. माझ्यापुरते उत्तर असे की, त्याला मान हवा होता तो आपल्या बरोबरीच्यांत. आपल्याला जेथून मिळाले त्या ठिकाणी त्याने हक्क सांगितला नाही.

१९६९ साली दोघांनी मिळून काही मुद्रण केले. किंब्रोचे नाव त्याच्या प्रांताबाहेर गाजण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, कारण त्याचा 'ऑल नाइट लाँग' हा संग्रह निघाला तो १९९२ साली. 'रेव्हनंट' कंपनीने १९९८ मध्ये 'गेट विथ इट' या नावाने फेदर्सच्या १९५४ ते १९६९ च्या मुद्रणांचा जो दोन तबकड्यांचा संच काढला, त्यात या बैठकीचाही समावेश आहे. लखलखाट त्यात काहीच नाही. एकाच स्वराभोवती घोटाळणारी गिटार आणि न थांबणारी लय. पण 'कान्ट हार्डली स्टँड इट'मधली ती काळोखी लकेर कोणत्या मातीतली, हे ते ऐकल्यावर निराळे सांगावे लागत नाही. किंब्रो १९९८ च्या जानेवारीत वारला आणि फेदर्स त्याच वर्षी २९ ऑगस्टला, मेम्फिस येथे. किंब्रोच्या थडग्यावरील दगडावर फेदर्सचे ते उद्गार कोरलेले आहेत.